काचेची तार आणि गांवची वर्गणी

"गुरुजी, आमच्या ग्रामपंचायतींत इंटरनेटची पेटी आहे, पण ती उघडतें कोण?" हा प्रश्न गेल्या सहामाहींत नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें विचारला, आणि त्या तासाचा नेमलेला धडा तेथेंच राहिला. ज्यांच्या गांवच्या पंचायतींत अशी पेटी असेल त्यांनीं हात वर करावे, असें आम्हीं सहज म्हटलें. बरेच हात वर झाले. पुढें विचारलें, "त्या पेटींतून निघालेली तार कोणाच्या घरापर्यंत आली आहे?" तेव्हां सारे हात खालीं गेले व वर्गांत हंशा पिकला. मुलांस हंसूं आलें याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. वाईट मात्र वाटलें. भिंतीवर टांगलेली, कुलूप घातलेली आणि क्वचितच दिवा लागणारी पेटी हें त्यांच्या लेखीं पंचायतीच्या जुन्या खुर्च्यांसारखेंच एक सामान झालें आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांपुढें या पेटीची गोष्ट मांडावी म्हणून वार्षिकाचीं हीं पानें आम्हीं मागून घेतलीं.

ती पेटी केंद्र सरकारच्या 'भारतनेट' योजनेची. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत ही योजना दुसऱ्या नांवानें मंजूर झाली; 'भारतनेट' हें नांव तिला मागाहून मिळालें. देशांतील सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार, जिला सर्वत्र फायबर म्हणतात, ती नेऊन पोहोंचविणें हा तिचा हेतु. २०१७ सालच्या अखेरीस पहिल्या टप्प्यांतील एक लक्ष पंचायती जोडल्याचें सरकारनें जाहीर केलें, व २०२३ सालच्या ऑगस्टमध्यें योजनेच्या सुधारलेल्या स्वरूपासाठीं सुमारें १ लक्ष ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. काम लहान नाहीं, आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतुही नाहीं. दिल्लीहून निघालेली वाट एखाद्या खेड्याच्या वेशीपर्यंत यावी ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु वेशींतून आंत शिरून घरोघर जाणें हें काम निराळें आहे. तें गांवानेंच, गांवच्या वर्गणीनें आणि गांवच्या मालकीचें म्हणून केलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

अहमदपूर हें नांदेड-लातूर रस्त्यावरील तालुक्याचें ठिकाण. येथें बाजारपेठ आहे, महाविद्यालयें आहेत, आणि पैसे मोजल्यास घरीं तार घेतां येते. पण आमच्या शाळेंतील कितीतरी मुलें किनगांव, खंडाळी, हाडोळती, अंधोरी, शिरूर ताजबंद या बाजूंच्या वाड्यांवरून व तांड्यांवरून एस्. टी. नें येतात. संध्याकाळीं गाडी त्यांना घेऊन गेली, कीं एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांत अंतर पडतें. एक जण घरीं बसून मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढतो, न समजलेला धडा पुन्हां पाहतो व ऐकतो. दुसरा हातांत मोबाइल घेऊन धाब्यावर चढतो आणि पडद्यावरचें चक्र फिरत असलेलें पाहत बसतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघे एकाच पंख्याखालीं बसतात, आणि आम्ही दोघांना एकच प्रश्न विचारतों.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां हें अंतर डोळ्यांपुढें उघडें पडलें. धडे मोबाइलवर जाऊं लागले. ज्या घरीं एकच मोबाइल, आणि तो बापाच्या खिशांत, त्या घरच्या मुलाचा अभ्यास बाप शेतावरून परत येईपर्यंत थांबे. बाप परत आला, कीं सारें गांव त्याच घटकेला मोबाइल उघडी, आणि टॉवरचा जीव मेटाकुटीस येई. आमचा एक विद्यार्थी माळावरच्या चिंचेखालीं बसून गणितें सोडवीत असे. तेथें म्हणे दोन रेघा अधिक मिळत. त्याची ती वही आम्हीं पाहिली आहे. तिच्या पानांत चिंचेचा पाला व चिरडलेल्या मुंग्या जशाच्या तशा आहेत. तो मुलगा पुढें चांगल्या गुणांनीं पास झाला. त्याच्याच गांवचीं दोन मुलें मात्र शाळा उघडल्यावर परत आलींच नाहींत. एकाचें दप्तर घरीं खुंटीवर आहे असें समजलें.

"टॉवर झाले, नवे टॉवर होत आहेत, मग तार कशाला?" असा आक्षेप पुष्कळ जण घेतात. टॉवरची शक्ति त्याच्याखालच्या सर्व मोबाइलांत वांटली जाते. विहिरीवर एक मोट आणि शेतें पन्नास, अशी ती स्थिति. काचेच्या तारेची गोष्ट वेगळी आहे. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यांतून प्रकाश धांवतो, आणि त्या प्रकाशाच्या लुकलुकण्यांतून संदेश जातो. 'फायबर ऑप्टिक्स' हें नांव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी हे मूळचे पंजाबांतील मोगा गांवचे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश फार दूरवर नेतां येईल, असें १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं गणितानें दाखवून दिलें. त्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजची काच इतकी निर्मळ असते, कीं १५ किलोमीटर वाट चालून गेल्यावरही निम्म्याच्या आसपास प्रकाश शिल्लक राहतो. शिवाय एका धाग्याला फांटे फोडून ३२ किंवा ६४ घरांस तो पुरवितां येतो, आणि त्या फांट्यापाशीं विजेची गरज लागत नाहीं.

आणखी एक गुण शेतकऱ्यास सांगितला पाहिजे. विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रींतून कापून नेणारे चोर आमच्या भागांत कोणास ठाऊक नाहींत? त्यांना हवें असतें तांबें. काचेच्या तारेस भंगारवाला चार आणेही देणार नाहीं. तिच्यांतून आकाशांतली वीजही वाहत येत नाहीं. तिचे शत्रु दोनच: एक उंदीर, आणि दुसरा जेसीबी. उंदराचा बंदोबस्त नळी घालून करतां येतो. जेसीबीचा करणें कठीण. रस्ता रुंद करतांना, पाण्याची पाइप पुरतांना, एखाद्या शेतकऱ्याचा बांध सरळ करतांना लोखंडी पंजा खालीं जातो, तार तुटते, आणि यंत्रावर बसलेल्या मनुष्यास आपण काय तोडलें याची वार्ताही नसते. खोदण्यापूर्वीं जमिनीखालीं काय आहे हें विचारून घ्यावें, यासाठीं सरकारनें २०२३ सालच्या मार्चमध्यें मोबाइलवर एक सोय काढली आहे. आमच्याकडील किती जेसीबीवाले ती वापरतात, हें पालकांनींच पाहावें.

आमच्या मताचें मूळ येथेंच आहे. तार घालणें हें एकदांचें काम. ती सांभाळणें रोजचें. पंचायतींतील पेटी बंद पडली तर ओरड कोणी करायची? ग्रामसेवकास दहा कामें, सरपंचास वीस. गांवकऱ्याचें त्या पेटीशीं देणें नाहीं, घेणें नाहीं. ज्या वस्तूसाठीं खिशांतला पैसा गेलेला नाहीं, ती बंद आहे हें महिना महिना कळतही नाहीं. उलट देवळाच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज जरा घरघरला, तर दुसऱ्या दिवशीं चार जण तो खांद्यावर घालून अहमदपूरच्या दुकानांत आणतात. कारण त्याच्या वर्गणींत त्यांचे रुपये आहेत.

महाराष्ट्रांत असा प्रयत्न पूर्वीं झालेला आहे. १९९८ सालीं कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यांत ७० गांवें संगणकांनीं जोडण्याचा उपक्रम हातीं घेण्यांत आला. तात्यासाहेब कोरे यांनीं उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी संस्थांचा तो मुलूख. खर्चाचे ५० टक्के केंद्र सरकारनें, ४० टक्के राज्य सरकारनें आणि १० टक्के वारणेच्या संस्थांनीं द्यावे असें ठरलें. गांवोगांव संगणकाचीं केंद्रें निघालीं. आपला ऊस किती भरला, तोडणीची पाळी केव्हां, बिल किती झालें, हें कारखान्यावर खेप न घालतां शेतकऱ्यास गांवांतच कळूं लागलें. ही सोय खरोखर मोठी होती. बाजारभाव, शेतीचा सल्ला, दाखले, शिक्षण असे आणखीही पुष्कळ बेत होते. ते मागें पडले, आणि केंद्रें मुख्यत्वें उसाच्या हिशेबासाठीं चालूं लागलीं. पुढें २००७ सालाच्या आसपास संशोधकांनीं त्यांतील सात गांवांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलवरील लघुसंदेशानें तेंच काम करून पाहिलें, आणि तें कमी खर्चांत झालें.

वारणेच्या लोकांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. जें कोणास सुचलें नव्हतें तें त्यांनीं फार आधीं करून दाखविलें. पण उसाच्या हिशेबाची गरज कारखान्याची होती, म्हणून ती टिकली. मुलांच्या अभ्यासाची गरज ज्यांची होती, त्या आयाबापांचा त्या केंद्रांत एक रुपयाचा भाग नव्हता, म्हणून ती राहून गेली, असें आम्हांस वाटतें.

पालघर जिल्ह्यांत मुंबईच्या आय. आय. टी. च्या अभय करंदीकर प्रभृति मंडळींनीं 'ग्राम मार्ग' नांवाचा प्रयोग केला, तो आमच्या मताच्या अधिक जवळचा आहे. दूरदर्शनच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून प्रथम त्यांनीं खेड्यांत इंटरनेट नेऊन पाहिलें. परंतु त्यांतील यंत्रांपेक्षां त्यांच्या व्यवस्थेचा विचार आम्हांस महत्त्वाचा वाटतो. सरकार व खाजगी उद्योजक यांच्या जोडीस तिसरा भागीदार म्हणून पंचायत असावी, तिनें स्वतःचा पैसा घालावा आणि गांवांतल्याच तरुणानें देखभाल करावी, अशी ती व्यवस्था. २०१७ सालीं मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेंत तिला पारितोषिक मिळालें.

समुद्रापलीकडचें एक उदाहरण मात्र सविस्तर सांगण्याजोगें आहे. इंग्लंडच्या उत्तरेस लँकेशायर परगण्यांत ल्यून नदीचें खोरें आहे. वस्ती विरळ, घरें दूर दूर, धंदा गाई-मेंढ्यांचा. मोठ्या कंपन्यांस तेथें तार नेण्यांत लाभ दिसेना. २०११ सालीं तेथील रहिवाशांनीं आपलीच एक संस्था काढली. तिचें नांव 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ'. त्याचीं आद्याक्षरें जुळवून तिला 'बार्न', म्हणजे धान्याचें कोठार, असें म्हणतात. बॅरी फोर्ड हे विद्यापीठांत संगणकांचीं जाळीं विणण्यांत मुरलेले गृहस्थ, आणि ख्रिस काँडर ही एका शेतकऱ्याची बायको, हीं तिच्या उभारणींतील प्रमुख माणसें. लोकांनीं संस्थेचे भाग विकत घेतले. ज्यांच्या रानांतून तार जायची त्यांनीं जागेचा मोबदला मागितला नाहीं. रस्त्याच्या कडेनें खोदाईची परवानगी मिळविण्यापेक्षां शेतांतून सरळ जाणें स्वस्त पडलें. ज्याच्याकडे खोदाईचें यंत्र त्यानें यंत्र आणलें, ज्याच्याकडे फावडें त्यानें फावडें आणलें. आणि ज्यानें चर खणला त्यास मजुरीच्या ऐवजीं भाग घेण्याची मोकळीक होती. काचेचे धागे सांधण्याची नाजूक कला गांवकऱ्यांनीं स्वतः शिकून घेतली. महिना ३० पौंडांत सेकंदास एक गिगाबिट इतका वेग त्यांनीं आपल्या घरांस दिला. त्या काळीं हा वेग लंडनच्या बहुतेक घरांतही नव्हता. पुढें त्या संस्थेच्या जोडण्या दहा हजारांवर गेल्या.

तेथील शेतकऱ्याची मिळकत आणि आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मिळकत यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, हें आम्ही जाणतों. त्यांची माती मऊ; आमच्याकडे बालाघाटाच्या माथ्यावर वीतभर मातीखालीं मुरूम आणि मुरुमाखालीं काळा दगड. म्हणून त्यांचें सारें उचलावें असें आम्ही म्हणत नाहीं. दोन गोष्टी उचलाव्या. बांधावरून तार नेऊं देण्यास पैसा मागूं नये, आणि घाम हेंही भांडवल धरावें. यांतली दुसरी गोष्ट आम्हांस कोणी शिकवायला नको. २०१६ सालच्या एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत जवळच्या अंबाजोगाई तालुक्यांतील गांवकरी पानी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठीं टिकाव-फावडीं घेऊन पहांटे माळावर जात होते. पाण्यासाठीं चर खणणारे हात तारेसाठीं खणूं शकणार नाहींत काय?

आतां उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्ही पालकांस फसविलें असें होईल. गांवच्या मालकीची संस्था म्हणजे आपोआप भरभराट, असें मुळींच नाहीं. जुन्या अहमदनगर जिल्ह्यांत श्रीरामपूर, राहुरी या बाजूस मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्था होती. १९७० च्या सुमारास ती वीज वांटूं लागली आणि चार दशकें तिनें खेड्यापाड्यांत दिवे व मोटारी चालविल्या. सभासद शेतकरी, मालक शेतकरी, ग्राहकही शेतकरीच. पण घेतलेल्या विजेचे पैसे वर भरले जाईनात, थकबाकी डोईजड झाली, वाद विकोपास गेले, आणि २०११ सालच्या आरंभीं तिचा परवाना जाऊन तो मुलूख महावितरणकडे गेला. यांत दोष कोणाचा किती, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. ज्याचा त्यानें भरणा वेळच्या वेळीं केला नाहीं, तर मालकीचा कागद भिंतीवर लावण्याच्या कामाचा उरतो, एवढें मात्र त्यांतून दिसतें. आमच्याकडील कांहीं सोसायट्यांचे दरवाजे आठवून पालक येथें मनांतल्या मनांत हंसतील, खुशाल हंसोत.

म्हणून आधीं हिशेब मांडावा. पुढील आंकडे केवळ गणितासाठीं घेतले आहेत, हें ध्यानांत असावें. समजा, गांवांत ३०० घरें आहेत आणि त्यांतील १०० घरें तार घेतात. दर घरामागें महिना ३०० रुपये धरले, तर महिन्यास ३०,००० रुपये जमतात. त्यांतून बाहेरून विकत घ्यावयाच्या इंटरनेटचें मोल, पेटीची वीज, बॅटरीचा झिजवा आणि दुरुस्तीवाल्या तरुणाचें वेतन भागलें पाहिजे, आणि शिवाय दरमहा कांहीं रक्कम बँकेंत निराळ्या खात्यावर पडली पाहिजे. विद्यार्थ्यांनीं हें गणित आपापल्या गांवच्या घरांच्या संख्येवर करून पाहावें. सहावीचा मुलगासुद्धां करील. १०० च्या जागीं ४० घरेंच आलीं तर काय होतें तेंही पाहावें, कारण बहुतेक बेत तेथेंच फसतात. उत्तर तुटीचें आलें, तर एकेका गांवानें स्वतंत्र चूल मांडूं नये. आठ-दहा गांवांनीं मिळून एक संस्था करावी. धागे सांधण्याचें यंत्र महाग असतें, तें दहा गांवांत एक पुरतें. तें चालविणारा मुलगा वा मुलगी मात्र आपल्यांतलीच असावी. आय. टी. आय. मधून बाहेर पडून पुण्याच्या बसची वाट पाहणारीं मुलें आमच्या ओळखीचीं आहेत.

कायद्याचीही एक अट आहे. इंटरनेट विकणें हा कोणाही मंडळाचा मनमानी धंदा नव्हे. त्यास दूरसंचार खात्याची परवानगी लागते. तेव्हां गांवानें परवानाधारक कंपनीशीं लेखी करार करावा, आणि वेशीच्या आंतली तार आपल्या मालकीची राहील हें त्या करारांत पहिल्या ओळींत लिहून घ्यावें. जेथें इतकी उडी झेपणार नाहीं, तेथें लहान आरंभ आहे. २०२० सालच्या डिसेंबरमध्यें मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेप्रमाणें चहावाला वा किराणा दुकानदारही परवान्यावांचून आपल्या दुकानांतून वाय-फाय देऊं शकतो. पिवळ्या रंगाचे एस. टी. डी. बूथ ज्यांनीं पाहिले आहेत, त्या पालकांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं.

एक आक्षेप मात्र आम्हांस खरोखर अडचणींत टाकतो. लातूर शहरांतील मनुष्य तारेसाठीं वर्गणी काढीत नाहीं, चर खणीत नाहीं. मग खेड्यानेंच दोनदां पैसे कां द्यावे? कारण एकदां तर ते दिलेलेच आहेत. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नांतून ५ टक्के रक्कम खेड्यांतील दळणवळणासाठीं निराळ्या निधींत जाते, आणि तें उत्पन्न आपण सर्व जण भरलेल्या पैशांतून होतें. भारतनेट त्याच निधीवर उभें आहे. या आक्षेपांत अन्याय दाखविला आहे आणि तो खरा आहे. पंचायतीपर्यंतची तार चालू ठेवणें हें सरकारचें कर्तव्य. तें माफ करण्याचा अधिकार कोणत्याही गांवास नाहीं, आणि ग्रामसभेनें त्याचा ठराव वर्षांतून चारदां केला तरी तो थोडाच. पण न्याय मिळेपर्यंत नववींतलें मूल नववींत थांबत नाहीं. तें दहावींत जातें, मग शाळाच सुटते. एवढ्यासाठींच आम्ही वर्गणीची बाजू घेतों.

वर्गणी कोणाकडून किती, येथें गांवाची खरी परीक्षा आहे. पूर्वीं 'जलस्वराज्य' योजनेंत नळपाण्यासाठीं गांवानें १० टक्के लोकवर्गणी भरावी असा नियम होता. त्या वेळीं कोणी भरली, कोणाच्या नांवावर दुसऱ्यानेंच भरली, आणि नळ कोणाच्या दारापर्यंत आधीं आला, हें ज्यांनीं पाहिलें त्यांनीं तें विसरूं नये. आमच्या भागांतील अनेक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात तीं उन्हाळ्यांत परत येतात. त्यांनीं बाराही महिन्यांची फी भरावी असें म्हणणें म्हणजे त्यांना नकोच म्हणणें होय. तीं घरीं असतील तेवढ्याच महिन्यांची फी घ्यावी, आणि भागाची रक्कम चर खणण्याच्या मजुरींतून वळती करून घ्यावी. तार घालण्याचा आरंभ पंचायतीपासून न करतां गांवकुसाबाहेरच्या वस्तीच्या व तांड्याच्या शेवटच्या घरापासून करावा, आणि मग ती चावडीकडे आणावी, अशी आमची सूचना आहे. अभियंता म्हणेल, तारेला दोन्ही टोकें सारखींच. पैसे संपले तर काम नेहमीं दूरच्या टोकालाच अडतें, हें अभियंत्यास ठाऊक नसलें तरी तांड्यावरच्या म्हातारीस ठाऊक आहे.

"मुलें बिघडतील" ही पालकांची भीति आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. पण ज्याच्यानें बिघडायचें तें सारें मोबाइलमधून आधींच घरांत आलेलें आहे, आणि तेंही उशीखालीं, एकट्यानें पाहण्याच्या सोयीनें. तार आली तर निदान ती ओसरीवर तरी येईल. घरोघर देणें इतक्यांत साधणार नसेल, तर समाजमंदिरांत वा शाळेच्या एका खोलींत संध्याकाळीं दोन तास चार संगणक उघडे ठेवावे, आणि तेथें बसण्यासाठीं गांवांतील एखाद्या निवृत्त शिक्षकास विनंति करावी. वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठीं मुलगी लातुरास ठेवायची, तर खोलीचें भाडें, खानावळ आणि शिकवणी मिळून बापाची जमीन गहाण पडण्याची वेळ येते. सारी शिकवणी तारेवरून होईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण अकरावीचें एक वर्ष जरी ती आईजवळ राहून काढूं शकली, तरी त्या घरास किती फरक पडेल, हें गहाणखत लिहिणाऱ्यास विचारावें.

आमच्या नववीच्या वर्गानें या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं एक काम पत्करलें आहे. प्रत्येक गांवच्या मुलांनीं मिळून आपल्या गांवचा नकाशा काढावयाचा. त्यांत पंचायतीची पेटी, विजेचे खांब, ओढा, खडकाळ जागा, वस्ती व तांडा दाखवावयाचा, आणि पेटीपासून शेवटच्या घरापर्यंतचें अंतर पावलांनीं न मोजतां दोरीनें मोजून मीटरांत लिहावयाचें. ज्यांच्या बांधावरून तार जाऊं शकेल त्या शेतकऱ्यांना मुलांनीं स्वतः जाऊन विचारावें, आणि 'हो' म्हणणाऱ्याच्या शेतावर हिरवी खूण करावी. 'नाहीं' म्हणणाऱ्याशीं वाद घालूं नये. ती जागा कोरी सोडावी. हे नकाशे १ मेच्या ग्रामसभेपूर्वीं तयार व्हावयास हवेत. पालकांनीं त्या सभेस जाऊन ते सरपंचांच्या टेबलावर ठेवावे आणि त्या दिवशीं पेटीची किल्ली कोणाकडे आहे तें विचारावें. मोजणीची दोरी शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलींत आहे. ती ५० मीटरांची असून आळीपाळीनें मिळेल.